घरात सारं होतं, ताई

ताई, लोक भेटायला येतात, ओसरीवर टेकतात, पाण्याचा गडवा खाली ठेवतात आणि म्हणतात, "सुटली बिचारी." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलं असेल. पण सगळेच म्हणतात. "पायानं अधू, लगन नाई, लेकरू नाई. सुटली." आबा ते ऐकून उठतात आणि कोठ्यात जाऊन बैलांपुढे उगाच कडबा सारत बसतात. माय भिंतीला पाठ लावून बसलेली असते. कोण आलं, कोण गेलं, हे तिला आता फक्त आवाजावरून कळतं. आणि मी, कॉलेजात पोरांना अर्थशास्त्र शिकवणारा तुझा बाबू, मान खाली घालून "हो, हो" म्हणत राहतो.

तू असतीस तर विचारलं असतंस. "कायच्यातून सुटली, सांगा ना," म्हणून समोरच्याला उत्तर दिल्याशिवाय उठू दिलं नसतंस. तुझ्याशी वाद घालायला बसलेला माणूस चहा थंड करूनच उठायचा. माझे तर कितीतरी चहा तुझ्यापायी थंड झाले. आता चहा गरमच पिऊन होतो.

आपल्या घरात काय नव्हतं, ताई? विहिरीला बारमाही पाणी होतं. जवारीच्या कणग्या भरलेल्या असत. चांगल्या बैलजोड्या, दारात दुभतं, पऱ्हाटीचा हंगाम आला की खोल्यांमधून वाट काढत चालावं लागायचं इतका कापूस. तुला त्यातलं काही कमी पडू दिलं नाही कोणी. लहानपणीच्या तापात तुझा डावा पाय बारीक राहिला. तेव्हापासून माय ताटात पहिली भाकर तुझ्या वाढायची आणि आबा बाजारातून पहिलं लुगडं तुझ्यासाठी घ्यायचे. गावातली चौथी झाली, पुढची शाळा शेजारच्या गावी. आबांनी तुला घरी ठेवलं ते रागानं नव्हे, मायेनं ठेवलं. "काऊन तिचे हाल करता? घरी सारं हाय," असं ते म्हणाले. ते वाक्य मी तेव्हा ऐकलं, आणि मलाही ते मायेचंच वाटलं.

पुढे मी त्या शेजारच्या गावच्या शाळेत जाऊ लागलो. परत यायचो तेव्हा तू दारातच बसलेली. मी पाणी प्यायच्या आधी तू माझ्या पिशवीतून पुस्तक काढलेलं असायचं. भूगोलाचं पुस्तक तुला फार आवडायचं. संग्रामपूरचा बाजार तू पाहिला नव्हतास, पण जगातल्या नद्या तुला पाठ होत्या. आम्ही आठवडी बाजाराला निघालो की आबा विचारायचे, "द्वारके, काय आनू तुले?" तू म्हणायचीस, "बाजार आना." सगळे हसायचे. मीही हसायचो. तुझ्यासाठी कानातलं यायचं, गजरा यायचा, रेवड्या यायच्या. रात्री जेवताना तू मला बाजार सांगायला लावायचीस. कोण काय विकतं, कोण कोणाशी भांडलं, सातपुड्यातून आलेली माणसं काय घेऊन बसली होती. मी थकून झोपायला निघालो की म्हणायचीस, "थांब बे, मिठाच्या दुकानापासून सांग."

पंचायत समितीची ग्रामसेविका गावात आली तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून घरी आलेलो होतो. गावात बालवाडी काढायची होती आणि थोडंफार शिकलेली बाई हवी होती. गावातल्या शिकलेल्या बायका मोजायला एक बोट पुरे होतं. ग्रामसेविका आपल्या ओसरीवर येऊन बसली. आबांनी तिला मोठ्या आदरानं चहा पाजला, आणि आमच्या घरची लेक नोकरी करत नाही असं सांगितलं. तू आतून, दाराच्या चौकटीला धरून, म्हणालीस, "मी करीन."

तू आधी आपल्याच ओसरीवर बालवाडी भरवायची ठरवली होतीस. त्याच संध्याकाळी कौसाबाई आली. ती आपल्या शेतात निंदणाला यायची. तिचं घर नाल्यापलीकडे, बौद्धांच्या वस्तीत. तिची धाकटी पोरगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र धरून बसलो होतो आणि वाचत नव्हतो.

तू तिला म्हणालीस, "कौसाबाई, तुमची पोरगी पाठवा माह्याकडे."

कौसाबाई खाली अंगणातच उभी होती. म्हणाली, "बाई, तुमच्या ओसरीवर माही पोरगी बसली, तं तुमी उठवनार नाई. पन बाकीचे आपापले पोट्टे उठवून नेतीन."

"मंग शाळाच तुमच्याकडे घेतली तं? आमचा जुना कापसाचा कोठा हाय तिकडे, नाल्यापल्याड."

कौसाबाईनं तुझ्या पायाकडे पाहिलं. तूही पाहिलंस. "खरंच व," तू म्हणालीस, "मले तं चालताच येत नाई."

ती म्हणाली, "मले चालता येते बाई. पन येता येत नाई."

ती हे रडून म्हणाली नाही, टोमणा म्हणूनही नाही. पावसाचं सांगावं तसं सांगितलं आणि घरी गेली. तू मात्र त्या रात्री जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांसमोर उभी राहिलीस, गुडघ्यावर हात दाबून, आणि कोठा मागितलास. आबा कोठ्याला तयार झाले, त्यांना तुझं मन मोडवत नव्हतं. पण जाणार कशी? ते म्हणाले, "गडी गाडी जुंपून पोचवून देईल."

"गडी रिकामा असल तवा," तू म्हणालीस. "पेरनीत असल तं? वखरात असल तं? माही शाळा बैलाईच्या सवडीनं भरवू का?"

"मंग नको भरवू. कोन म्हन्ते भरव? तुले काय कमी हाय या घरात?"

"काईच कमी नाई, आबा. म्हनूनच तं सांगता येत नाई मले, काय पायजे थे." मग तू एक दम घेतलास आणि म्हणालीस, "मले एक तट्टू घेऊन द्या."

आबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की तू हसत नाहीस. आपल्या घरची लेक तट्टावर बसून भर गावातून जाणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. लोक काय म्हणतील, असं ते म्हणाले. दोन्ही हातांनी नको म्हणाले आणि शेतात निघून गेले.

मग तू जे केलंस, ते मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. तू काठी घेतलीस, पाटी बगलेत धरलीस आणि निघालीस. माय मागे धावली, तू तिला परत पाठवलंस. मी हात द्यायला आलो, तू माझा हात झटकलास. चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंत सारं गाव दारात येऊन उभं राहिलं. तू चार पावलं टाकायचीस आणि टेकायचीस. नाल्याच्या उतारावर घसरलीस, लुगडं फाटलं, कोपर सोलून निघालं. पलीकडच्या चढावर तू हातांवर चढलीस. मी काठावर उभा राहून पाहत होतो आणि मला रडू येत होतं. पण तुझ्याकडे पाहून मला कीव वाटली नाही, ताई. मला भीती वाटली. आपल्या घरात एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं गप्प बसून होती, आणि आम्हाला कोणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तू तशीच गेलीस. तिसऱ्या दिवशीही. लोक काय म्हणतील याची भीती आबांना होतीच, आता लोक खरंच म्हणू लागले, "एवढं घर, आन् लेक नाल्यातून रांगून राह्यली." बाजाराच्या दिवशी आबा कोणाला न सांगता संग्रामपूरला गेले आणि संध्याकाळी एक तांबडं तट्टू घेऊन आले. घरोघर फिरून मसाला विकणाऱ्या एका म्हाताऱ्याचं होतं ते, शांत, वाटेला सरावलेलं. कोठ्यात बांधलं. मायला म्हणाले, "तिले सांग, लाथ मारते थे. मागून जाऊ नको म्हना." दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर ते अंगणात दगड रचत होते. तुला तट्टावर चढायला ओटा करत होते.

पहिल्या दिवशी पारावरचा एकजण ओरडला, "फौजदार निघाला बे!" तू लगाम ओढलास आणि म्हणालीस, "फौजदारच हाय. तुह्यं पोट्टं उद्या शाळेत नाई दिसलं, तं पकडून नेईन." त्याचं पोट्टं काही लगेच आलं नाही. कितीतरी दिवस तुझ्याकडे नाल्यापलीकडचीच मुलं होती. मग आपल्या बाजूच्या, ज्यांच्या आया रोजानं शेतात जातात, अशा घरांतली आली. त्यांना लेकरू ठेवायला जागा हवी होती. जात त्यांनी नंतर आठवायचं ठरवलं. मग हळूहळू बाकीची. सगळी कधीच आली नाहीत. तू कोणाच्या दारात जाऊन विनवणी केली नाहीस, आणि आलेल्याला 'आला का एकदाचा?' असंही कधी म्हणाली नाहीस.

आपला मोठा वाद सुरू झाला तो त्याच वर्षीच्या दिवाळीत. मी एम.ए. ला होतो आणि मला सगळं कळत होतं. जमीनधारणेचा कायदा झाला होता, जास्तीच्या जमिनी जाणार, भूमिहीनांना मिळणार. मी तुला उत्साहानं सांगत होतो की माणसामाणसांतली विषमता ही शेवटी कोणाकडे किती आहे याची गोष्ट आहे. सारखं वाटा, सारखं होईल.

तू करंज्यांना मुरड घालत होतीस. म्हणालीस, "मंग मी श्रीमंत का गरीब?"

"तू? श्रीमंत."

"आन् कौसाबाई?"

"गरीब."

"ती हप्त्याले बाजारात जाते. पायजे त्या दुकानावर थांबते, नाई पटलं तं भांडते. लेकीच्या गावाले जायचं मनात आलं तं फडक्यात भाकर बांधते आन् निंगते. मी तट्टू येईपर्यंत आपलं शेत पाह्यलं नव्हतं. तुह्या पुस्तकात माही जागा कुठी, सांग."

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. मी म्हणालो, "ताई, तुझं पोट भरलेलं आहे म्हणून तुला असं बोलता येतं. पेरणीच्या आधी कौसाबाईच्या घरी चूल एक वेळच पेटते. तिला विचार, अदलाबदल करतेस का म्हणून. तुझी जमीन तिला, तिचे पाय तुला."

तू खरंच विचारलंस. कापसाच्या वेचणीच्या वेळी, बांधावर, तट्टावर बसूनच. आणि संध्याकाळी येऊन तिचं उत्तर मला सांगितलंस, तुला ते फार आवडलं होतं. ती म्हणाली होती, "एक देऊन एक काऊन मांगता बाई? दोन्ही मांगा ना."

त्यानंतर कितीतरी सुट्ट्या आपण तोच वाद घातला. मी म्हणायचो, आधी जमीन, आधी धान्य, आधी मजुरी. तू म्हणायचीस, कोणापाशी काय हाय हे इचारून थांबू नको, त्याचं त्याले काय करता येते हे बी इचार. मी म्हणायचो, करता येणं कशानं मोजणार? तू म्हणायचीस, "मोजाचंच काऊन पडलं हाय तुले?" आणि मी चिडायचो, कारण मोजल्याशिवाय माझा विषयच उभा राहत नव्हता. आता सांगतो, ताई, वर्गात शिकवताना मी कितीदा तुझी वाक्यं माझी म्हणून वापरली. पोरं लिहून घ्यायची.

दुष्काळाच्या वर्षी तू बालवाडीच उचलून खडी फोडायच्या कामावर नेलीस. तिथं सगळ्यांना सारखाच ढीग फोडायचा होता. मुकादम मला अभिमानानं म्हणाला होता, "इथं भेदभाव नाई सायेब, पाटलाची सून असो का कोनी, ढीग सारखा." आणि ते खरंच होतं. पण कौसाबाईच्या थोरल्या लेकीच्या अंगावर पाजतं लेकरू होतं. दर थोड्या वेळानं ती हातोडा टाकून उठायची, आणि तिचा ढीग संध्याकाळपर्यंत बुटकाच राहायचा. तू बाभळीखाली घोंगडी अंथरलीस, सगळ्यांची तान्ही लेकरं घेऊन बसलीस. एखादं रडलं की तू तट्टाच्या गळ्यातली घंटी वाजवून त्याला हसवायचीस. मला पाहून म्हणालीस, "ढीग सारखा हाय बाबू. हात सारखे रिकामे नाईत." हे म्हणताना तू मला हरवत नव्हतीस. तू थकली होतीस. तुझ्या ओठांना उन्हानं चिरा पडल्या होत्या. मी तुला पाणी दिलं, ते तू आधी एका बाईला दिलंस.

या सगळ्यात आपली माय कुठं होती, हे आता माझ्या फार मनात येतं. ती घरात होती. ती तुझी बालवाडी पाहायला एकदाही आली नाही. "मले काय करायचं तिथं," म्हणायची. सगळे जेवल्यावर जेवायची, उरलं तर. कोणी विचारलं तर म्हणायची, "मले काय कमी हाय?" गेल्या दोन-तीन वर्षांत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी सुईत दोरा जाईना, मग भाकरीला पडलेला डाग दिसेना, मग माणसं दिसेनाशी झाली. तरी ती तेच म्हणायची.

यंदाच्या पोळ्याला मी आलो तेव्हा तू ठरवूनच बसली होतीस. दिवाळीनंतर खामगावला डोळ्यांचं शिबिर होणार होतं आणि तू मायला नेणार होतीस. माय नाही म्हणाली. "आता काय पाहाचं राह्यलं माह्यं?" तू समजावलंस, रागावलीस, ती नाहीच म्हणाली. बैल सजवून आबा मिरवणुकीला गेले होते, बाहेर ढोल वाजत होते, आणि आपण दोघं ओसरीवर बसून कडाडून भांडलो.

मी म्हणालो, "ती नाही म्हणते ना, मग सोड. तिचं आयुष्य आहे."

"तिची 'नाई' तिची नाई रे," तू म्हणालीस. "जन्मभर तिले नाई म्हनाचंच शिकवलं. पायजे म्हनाची तिची जीभच वळत नाई. तिले इचारून काय उपेग?"

"तिला विचारायचं नाही, मग ठरवणार कोण? तू?"

"हो, मी."

मी म्हणालो, "आबांनी तुझ्यासाठी हेच केलं होतं, ताई. तुला काय बरं आणि काय नको, हे त्यांनी ठरवलं होतं. तेही मायेनंच."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. तू काठी घेऊन आत गेलीस. सकाळी मी लवकरच्या गाडीनं निघालो तेव्हा तू डबा भरून ठेवला होतास, नेहमीसारखी ठेच्याची पुडी वेगळी बांधून. आपण बोललो, पण इकडचं तिकडचं. मला वाटलं, दिवाळीला आहेच. दिवाळीला पुन्हा भांडू. माझं बोलणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. तुझं खोटं होतं असंही वाटत नाही. हे दोन्ही घेऊन मी दिवाळीला येणार होतो.

दिवाळीच्या आधीच परतीचा पाऊस आला. नाला दुपारीच चढायला लागला, आणि तू पलीकडे, अलीकडच्या सगळ्या लेकरांना माणसांच्या खांद्यांवर बसवून घरी पाठवेपर्यंत पावसात उभी राहिलीस. सगळ्यांत शेवटी तू निघालीस. अंग तापलं. गावातल्या काढ्यानं उतरेल असं सगळ्यांना वाटलं, पण ताप छातीत बसला. डॉक्टर होता तो मोठ्या सडकेवरच्या गावात, आणि त्या सडकेपर्यंत आपल्या गावातून काळ्या मातीची वाट. आबांनी गाडी जुंपली. चाकं आऱ्यांपर्यंत रुतली. दुसरी बैलजोडी लावली, तरी गाडी हलेना. मग कौसाबाईच्या नवऱ्यानं घरातून बाज आणली. तुला बाजेवर घातलं, चौघांनी उचललं, चिखलात गुडघ्यापर्यंत जात, दम लागला की खांदा बदलत. त्या बाजेखाली कोणाकोणाचे खांदे होते ते आबांनी मला एकेक नाव घेऊन सांगितलं. कोणी कोणाला जात विचारली नाही, एवढं ते दोनदा म्हणाले. दवाखान्यात पोचलात तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

मला तार मिळाली आणि मी पोचलो, तोवर तुला परत आणलं होतं. आबा अंगणात उकिडवे बसले होते. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "बैल होते, गाडी होती, डाक्टरले द्यायले पैसा होता. सारं होतं बे बाबू घरात. रस्ता नव्हता."

तुझ्या उशाशी माय होती. तिनं तुझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी, पुन्हा कपाळ. कोणीतरी म्हणालं, "पाहून घे माय, शेवटचं." ती म्हणाली, "कशी पाहू?" इतकंच म्हणाली. ते ऐकून बाया मोठ्यानं रडायला लागल्या, पण माय रडली नाही. तिचे हात तेवढे फिरत राहिले.

वाटेत तू शुद्धीवर होतीस, हे मला नंतर कौसाबाईनं सांगितलं. ती बाजेसोबत चिखलातून चालत गेली होती, तुझ्या तोंडावर घोंगडी धरून. ती म्हणाली, "बाईनं तुमाले निरोप देल्ला. म्हने, बाबूले सांगजा, तो पोळ्याले बोल्ला त्याचा मी लय इचार केला."

"मग? काय म्हणाली? काय विचार केला?"

"थे नाई सांगतलं. खोकला आला तिले. मंग बोल्लीच नाई."

ताई, मी रोज या निरोपापाशी येऊन थांबतो. तू माझं म्हणणं मान्य केलंस का? की ते खोडून काढायला काहीतरी नवीन सापडलं होतं तुला? तुझी सवय मला माहीत आहे. तू विचार केला म्हणालीस म्हणजे उत्तर तयार असणार, आणि ते मला न सुचलेलं असणार. मी दोन्ही बाजूंनी बोलून पाहतो, तुझी बाजू मीच मांडतो. ती माझ्या तोंडी बसत नाही. मी तुझ्यासारखा गुडघ्यावर हात दाबून कधी उभा राहिलेलो नाही.

तुझे आभार कधी मानले नाहीत, आपल्यात तशी रीतही नव्हती. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या पोरांना जे थोडंफार माणसाकडे पाहता येत असेल, ते तुझ्या ओसरीवरून आलेलं आहे. हे तुला माहीत होतं का? मी सांगायला हवं होतं. दिवाळीला सांगितलं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे.

काल दुपारी बालवाडीतली पोट्टी आली. मोठ्यांनी त्यांना सांगितलंय, पण त्यांना ते पटलेलं नाही. उंबऱ्यापाशी एकमेकांना ढकलत उभी राहिली, नाल्याच्या दोन्ही बाजूंची. "बाई कुठी हाय?" माय म्हणाली, "या, आत या." ती आली, थेट माजघरात, मायच्या भोवती बसली. एकानं विचारलं, "आजी, तुले दिसत नाई काय?"

"नाई रे."

"मंग मी कोन हाय, सांग."

मायनं त्याचं तोंड चाचपलं आणि भलतंच नाव घेतलं. सगळी खळखळून हसली. या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं. मग एकेक जण पुढे सरकायचा, माय चेहऱ्यावरून हात फिरवायची, नाव सांगायची, चुकायची, पुन्हा हसू. कौसाबाईच्या नातीला तिनं दोनदा चुकीचं नाव दिलं तेव्हा ती पोरगी रुसली. "तू मले वयखतच नाई," म्हणाली.

मुलं गेली. मायनं हात मांडीवर उघडे ठेवले. मग म्हणाली, "बाबू, थे डोयाचं शिबिर कदी हाय म्हन्ली होती द्वारकी?"

"दिवाळीनंतर. खामगावला."

"मले ने."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "माय, पोळ्याला ताई एवढी म्हणत होती तेव्हा तू नाही म्हणालीस."

ती म्हणाली, "तवा नव्हतं पायजे. आता पायजे."

मी उठलो, आणि तुला सांगायला म्हणून तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, ताई.